मदत हवी आहे: मायक्रोग्रामा या फॉन्टसारखं रुंद, चौकोनी वळण देवनागरीत कसं आणू?

नमस्कार. अंतराळविज्ञानाच्या प्रदर्शनासाठी सहा फलक करतेय. प्रत्येकावर मथळा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत हवा आहे. इंग्रजीचं काम चटकन झालं. मिक्रोमा हा फॉन्ट घेतला, अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवलं आणि हवा तो परिणाम साधला. मराठीपाशी मात्र आठ दिवस अडकले आहे.

मला ज्या वळणाची ओढ आहे त्याचं मूळ मायक्रोग्रामात आहे. १९५२ साली इटलीतल्या तूरिनमध्ये नेबिओलो या फाउंड्रीसाठी (छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यासाठी) अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोव्हारेझे यांनी तो घडवला. त्यात फक्त कॅपिटल अक्षरं, आकडे आणि चिन्हं होती. लहान लिपी आली ती नोव्हारेझेंच्या १९६२ च्या युरोस्टाइलमध्ये. त्यातला 'ओ' बघा: धड वर्तुळ नाही, धड चौकोन नाही, जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखा चारही बाजूंनी किंचित फुगलेला. विज्ञानपटांतल्या यानांवर आणि यंत्रांवर हे वळण इतकं दिसलं आहे की ते पाहिलं की अंतराळच आठवतं. मराठी मथळाही तितक्याच ऐटीत उभा राहावा असं मला मनापासून वाटतं.

आधी साधा देवनागरी फॉन्ट आडवा १३० टक्के ताणला. काने जाडजूड झाले, शिरोरेषा होती तेवढीच राहिली आणि सगळा शब्द बसका दिसू लागला. मग अक्षरं स्वतः काढली, मात्रा-वेलांट्या तेवढ्या जुन्या फॉन्टच्या ठेवल्या. 'वैश्विक किरण' लिहिलं, तर 'कि'च्या वेलांटीची कमान 'क'च्या दंडापर्यंत पोहोचेना. आणि 'धूमकेतू' घरात ज्यांना ज्यांना दाखवला त्यांनी 'घूमकेतू' वाचला! इंग्रजीसारखं अंतर वाढवलं तर शिरोरेषेचे तुकडे पडतात. माझं कुठे चुकतंय? की हे वळण आपल्या लिपीला मानवणारच नाही?

प्रतिसाद १

मानवतं, पण ताणून नाही. आडवं ताणलं की फक्त उभ्या रेघा जाड होतात. १० एककांचा काना १३ चा होतो आणि शिरोरेषा १० चीच राहते. रुंद अक्षर काढताना अक्षराच्या आतली पोकळी वाढवायची, रेघेची जाडी जवळपास तीच ठेवायची. 'एक टाइप' या संस्थेचा 'अनेक देवनागरी' आणि इंडियन टाइप फाउंड्रीचा 'राजधानी' हे दोन फॉन्ट शेजारी ठेवून बघा. 'अनेक'मध्ये रुंदी ७५ ते १२५ टक्क्यांपर्यंत सरकवता येते आणि रेघा नीट राहतात. 'राजधानी' अंगाने सडपातळ आहे, पण त्याचे कोपरे तुम्हाला हवे तसे चौकोनी आहेत. दोन्ही ओपन फॉन्ट परवान्यात मिळतात, म्हणजे आकार बदलून वापरायची मुभा आहे.

मी असतो तर 'अनेक' १२५ वर नेला असता, मथळ्याची अक्षरं हाताने बदलता येणाऱ्या बाह्यरेषांत नेली असती आणि फक्त 'व', 'क', 'ण' यांच्या गोलाया हाताने चौकोनी केल्या असत्या. बेझियर वक्रात (चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या वळणदार रेषेत) वर्तुळाचा पाव भाग काढताना हँडलची, म्हणजे वळण ओढायच्या दांडीची, लांबी त्रिज्येच्या साधारण ५५ टक्के असते. ती ७० ते ८० टक्क्यांवर नेलीत की तो टीव्हीच्या पडद्याचा आकार मिळेल. ८० च्या पुढे गेलात तर पेटी दिसायला लागते.

प्रतिसाद २

'ध' आणि 'भ'बद्दल लिहिते, कारण खरी गोम तिथे आहे. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांच्यातला फरक डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात असतो: 'ध' आणि 'भ'ची शिरोरेषा तिथे तुटते आणि एक छोटा वळसा येतो. सगळे कोपरे एकाच साच्यात बसवले की पहिला बळी त्या वळशाचा जातो. तो गोलच राहू द्या आणि शिरोरेषेतली फट रेघेच्या जाडीइतकी तरी मोकळी ठेवा. बाकी अक्षर कितीही चौकोनी करा, वाचणारा अडखळणार नाही.

अंतर सॉफ्टवेअरने वाढवूच नका. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात, त्यामुळे हवा अक्षराच्या पोटात भरायची. वेलांटीही प्रत्येक अक्षराच्या रुंदीनुसार वेगळी काढावी लागते. चांगल्या फॉन्टांत तिची लहान-मोठी रूपं त्यासाठीच असतात.

आणखी एक. मायक्रोग्रामाच्या कॅपिटल अक्षरांची पट्टी एकसारख्या उंचीची असते. 'धूमकेतू'त वर मात्रा आहे, खाली दोन दीर्घ उकार आहेत. मराठी ओळीला वर-खाली जास्त जागा सोडा, नाहीतर रुंद अक्षर चेपल्यासारखं वाटतं. आणि हे वळण मथळ्यापुरतंच ठेवा. खालच्या परिच्छेदांना साधा, वाचनीय फॉन्ट हवा.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार! काल रात्री 'धूमकेतू' पुन्हा काढला. 'ध'चा वळसा गोल ठेवला, हँडल ७५ वर नेली. सकाळी भाचीला दाखवला आणि तिने न थांबता बरोबर वाचला. 'किरण'ची वेलांटीही जमली. आता 'भ्रमणकक्षा'तला 'क्ष' छळतोय. त्याच्या खालच्या गाठीचं चौकोनी रूप कुणी काढून पाहिलं आहे का? माझ्याकडून ती सारखी बुजतेय.

प्रतिसाद २

गाठ चौकोनी करू नका, तिथली रेघच थोडी बारीक करा. दाट जागी रेघ उतरवली तरी दुरून जाडी सारखीच भासते. काढून झालं की चित्र इथे टाका, बघूया.