बोलक्या पोरांनाच परकी भाषा येते का?

धरमपेठी_ताई
कॉलेजच्या मुलांना जर्मन शिकवते. माझं मत रोखठोक आहे: भिडस्त स्वभाव सुटत नसेल तर परकी भाषेच्या फंदात पडू नये. मोकळी मुलं चुकत-माकत पुढे जातात. लाजरी मुलं विभक्त्या घोकतात आणि तोंडीच्या दिवशी घाम फुटतो. प्रवेशाआधी स्वभावचाचणी घ्यावी, म्हणजे कुणाचे पैसे वाया जाणार नाहीत.

बर्डीचा_भाऊ
काहून ताई, आता जर्मन शिकाले पत्रिका जुळवाची का? माह्या रूमवर एक पोट्टा आहे, मेसमध्ये दुसरी पोळी मागाले लाजते. जपानी भाषेची एन३ परीक्षा काढली त्यानं. मी वर्गात सर्वांत जास्त बोलतो, त्याच्या एक पायरी खालच्या एन४ वरच लटकून राह्यलो.

धरमपेठी_ताई
कारण त्या परीक्षेत बोलायचंच नसतं! शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं. सगळीकडे पर्याय निवडायचे. १८० पैकी ९५ आणि प्रत्येक विभागात किमान गुण, झाली एन३. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिराला आलेल्या जपानी पाहुण्यांशी तो दोन मिनिटं बोलेल का? जर्मनच्या गोएथे संस्थेच्या बी१ परीक्षेला संभाषणाचा वेगळा भाग असतो, तिथे १०० पैकी ६० लागतात.

रातकिडा
म्हणजे स्वभाव नाही, परीक्षाच ठरवते कोण हुशार ते. टोरांटोत फ्रेंच शिकणाऱ्या शाळकरी मुलांवर १९७८ साली नायमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. बहिर्मुखता आणि गुण यांचा संबंध त्यात सापडला नाही, आणि पुढे बरीच वर्षं संशोधकांनी हा विषय टाकूनच दिला. १९९९ मध्ये डेवाल आणि फर्नहॅम यांनी दाखवलं की गडबड मोजण्यात होती: लेखी गुणांत बहिर्मुखता दिसत नाही, ओघवत्या बोलण्यात दिसते, त्यातही दडपणाखाली जास्त. तेव्हा ताईंचं निरीक्षण खोटं नाही. त्यावरून दार लावून घेणं मात्र पटत नाही.

आणि लाजणं वेगळं, घाबरणं वेगळं. हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परकी भाषेच्या वर्गातल्या भीतीसाठी ३३ विधानांची मोजपट्टी केली. माझं बोलणं ऐकून बाकीचे हसतील, अशा धर्तीची विधानं त्यात आहेत. हसणारी मुलं कुणाच्या वर्गातली असतात हो?

धरमपेठी_ताई
माझ्या वर्गात कुणी हसत नाही. तरी बसणारा शेवटच्याच बाकावर बसतो.

महाराजबाग_मॉर्निंग
बोलका-अबोल सोडा. रोज तासभर न चुकता बसणारा पुढे जातो. आमच्या ग्रुपमधले गप्पिष्ट दिवाळीनंतर वर्गाला फिरकलेच नाहीत.

रातकिडा
नेमानं, शिस्तीनं काम करणं हाही मानसशास्त्रात स्वभावाचाच गुण धरतात, काका. पाच मोठ्या गुणांतला एक.

बर्डीचा_भाऊ
ताई, चाचणी ठेवाच. ‘मी अनोळखी लोकांशी सहज बोलतो’ असं लिहिलं असलं की माहा रूममेट बी ‘पूर्ण सहमत’वर टिक मारीन. पर्याय निवडाची प्रॅक्टिस आहे त्याले.