ब्लेरियो ११: शेपूट जड होतंय त्यावर

१.३ मीटर पंखविस्ताराच्या ब्लेरियो ११ च्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेलचं शेपूट जड होतंय, म्हणून नाकात १५० ग्रॅम शिसं घालू का, असं विचारलंय. शिसं शेवटी. १९०९ च्या या विमानाचं नाक आखूड आहे, त्यामुळे शेपटीकडचे १० ग्रॅम नाकात साधारण ३० ग्रॅम मागतात. मागचा सांगाडा हलक्या बाल्सा लाकडाचा करा, सर्व्हो (शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) पुढे घ्या आणि कंट्रोलला पुल-पुल दोरी (दोन्ही बाजूंनी ओढणारी) वापरा. ३ सेल २२०० एमएएच बॅटरी फायरवॉलला (मोटर बसते त्या नाकातल्या आडव्या फळीला) टेकवून बसवा.

मूळ विमानाचा आडवा शेपूटपंख वक्र होता, तोही उचल द्यायचा. मॉडेलमध्ये तो सपाटच ठेवा. वेग वाढला की वक्र शेपूट नाक खाली ढकलतं. गुरुत्वमध्य (विमान जिथे तोललं जातं तो बिंदू) पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते २८ टक्क्यांवर ठेवा.

वजन १ किलोच्या आसपास असेल तर ८०० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला ८०० फेरे) मोटर, १२x६ प्रोपेलर (१२ इंच व्यास, ६ इंच पिच), ४० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक). छोटा, जोरात फिरणारा प्रोपेलर इथे फुकट जातो. तारा आणि उघडा सांगाडा भरपूर ड्रॅग (हवेचा अडथळा) करतात. म्हणूनच उतरताना थ्रॉटल एकदम बंद करू नका, विमान जागीच थांबल्यासारखं खाली बसतं. वळताना रडरही (शेपटीचं उभं सुकाणू) द्या, नुसत्या विंग वॉर्पिंगने (पंख पिळून वळवण्याने) नाक उलट्या बाजूला जातं.