चिमीच्या ॲडमिशनवरून घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

चिमीची आई: चिमीच्या ॲडमिशनचं काय करावं, सांगा सगळे. तिचे बाबा म्हणतात तालुक्याच्या कॉलेजातच टाकू, ती म्हणते नागपूर. मी मधात फसली.

नागपूरवाले काका: नागपूरले पाठवा वहिनी, खोलीचं मी पाहतो. तालुक्याचं कॉलेज म्हणजे तीन खोल्या अन् एक कडुलिंब. नुसतं बीए, सायन्स नाही. अन् ते किती वर्षं टिकते त्याचा भरवसा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहून आहे की कॉलेजं मोठी, अनेक शाखांची करायची, ३,००० च्या वर विद्यार्थी असलेली. आपल्याकडे तिन्ही वर्षं मिळून ३०० पोट्टे होत नाहीत.

मोठेबाबा: तीन खोल्या म्हणू नको बे. त्याच खोल्यांत मी बीए झालो. गडचिरोली जिल्हा १९८२ ले झाला, त्याच्या थोड्याच वर्षांनी माझं ॲडमिशन. तवा सगळं नागपूर विद्यापीठाकडं. एक कागद काढाचा म्हटलं तं जाणं-येणं धरून तीन दिवस. २०११ ले गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आलं, आताच्या पोट्ट्यायले त्याची किंमत नाही.
अन् मजा किती होती. जुलै-ऑगस्टात वर्ग रिकामा, सगळे धानाच्या रोवण्यावर. सर पण धानवाले. मराठीचे सर स्वतः बांधीत उतरत, चिखलाचे पाय घेऊन कॉलेजात येत. रोवणा आटोपला, पोळा झाला, की मंग खरं कॉलेज सुरू. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, अन् नाटकं. रात्री दहाचं नाटक पहाटे सुटे, आम्ही तसेच पहिल्या तासाले जाऊन बसत होतो. सर पण तेच नाटक पाहून आलेले. दोघंही झोपेत.

पुण्याचा दादा: मोठेबाबा, मग ७५ टक्के हजेरी कशी भरायची?

मोठेबाबा: भरे. कशी ते विचारू नको.

वडसावाले भाऊजी: सुप्रभात. आपला दिवस आनंदात जावो.

चिमीची आई: भाऊजी, दुपारचे तीन वाजले.

मोठेबाबा: गॅदरिंगचं राहिलं सांगाचं. महिनाभर आधीपासून तालीम. नाटक आपल्या धानपट्ट्यातल्या झाडीपट्टी नाटकासारखंच, तसाच स्टेज, तसाच पेटी-तबला, मधामधात गाणे. आजूबाजूच्या गावांतून खासरं जुंपून लोक येत. त्याच्या आदल्या दिवशी फिशपाँड. डब्यात चिठ्ठ्या टाकाच्या, कोणावर काय शेर लिहिला ते स्टेजवरून वाचाचं. प्राचार्यायलेही सोडत नव्हतो. अन् शेवटच्या वर्षाच्या पोट्ट्यायले निरोप म्हणून फर्स्ट इयरचे पोट्टे स्वतः जेवण रांधत. गंजात भात, वांग्याची भाजी. चिमीले हे नागपुरात कुठून भेटन?

आत्या: दादा, तुमची मजा ऐकून ऐकून माझे कान किटले. तुमच्या मागं पाच वर्षांनी मी त्याच कॉलेजात शिकली. गॅदरिंगचं नाटक एकदाही नाही पाहिलं. नाटक रात्री दहाले, आमची गाडी दुपारी चारची. त्याच्यानंतर फक्त मुक्कामी गाडी, ती सातले गावात येऊन उभी राहे अन् सकाळी सहाले निघे. त्या गाडीनं पोरगी घरी आली की पूर्ण गावाले हिशोब द्यावा लागे. बाईचा पार्ट कराले पोरी भेटत नाहीत म्हणून तुम्ही वडश्याहून नटी आणत होते, अन् नाटकात पार्ट करू शकणाऱ्या आम्ही सात जणी स्टँडवर गाडीची वाट पाहत उभ्या. फिशपाँडात आमच्यावर काय लिहून होतं ते दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांच्या हसण्यावरून समजे. वर्गणी मात्र आमच्याकडूनही घेत.

मोठेबाबा: वर्गणी पाचच रुपये होती.

आत्या: पाच रुपयांत तवा आठवड्याचा चहा होत होता.

मोठीआई: बरोबर बोलली वन्सं.

आत्या: आमचं जे काही होतं ते दुपारचं. यवतमाळकडच्या एक मॅडम होत्या, त्यांनी मुलींच्या खोलीत भुलाबाई बसवली, गाणे म्हणत खेळाचा पोरींचा सण. भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी. आमच्याकडे तं कोणाले ते गाणे येत नव्हते, त्यांनी फळ्यावर लिहून दिले. रोज एकीनं डब्यात खिरापत आणाची, बाकीच्यांनी डबा हलवून ओळखाची. मोहाचे लाडू कोणालेच ओळखू आले नाहीत, कारण खिरापतीत मोह आणते कोण! कोजागिरी रात्रीची, पण आम्ही ती पण दोन वाजता केली, भर उन्हात दूध आटवून. चंद्र नव्हता, पण दूध चांगलं होतं.

नागपूरवाले काका: म्हणूनच म्हणतो. पोरीच्या जातीले तिथं काही नाही.

वडसावाली ताई: काका, थांबा जरा. आत्याच्या वेळचं वेगळं. मी त्याच कॉलेजातून २०२३ ले पास झाली. आता वर्गात पोरीच जास्त आहेत. पोट्टे बारावी झाली की कामाले निघून जातात, हैदराबाद, पुणे, कुठंही. म्हणून गॅदरिंगच सकाळी दहाले सुरू करून तीनले बंद करतात. नाटक दिवसा. हॉलच्या खिडक्यांवर सतरंज्या टांगून अंधार करतो आम्ही. जुने लोक म्हणतात दिवसा नाटक रंगत नाही, अन् पाहाले मात्र सगळ्यात पुढं तेच बसतात. २०२३ च्या जानेवारीत झाडीपट्टीच्या परशुराम खुणेंना पद्मश्री जाहीर झाली, त्या वर्षीच्या नाटकात चारही मोठे पार्ट पोरींनी केले. त्यातला एक खलनायकाचा होता, मिशी लावून.
फिशपाँड बंद नाही झाला. चिठ्ठ्या आधी मॅडम वाचतात, त्यामुळं थोडा बेचव झाला हे खरं.

आत्या: बेचवच बरा.

वडसावाली ताई: अन् एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं शिबिर. दिवसा नाल्यावर वनराई बंधारा, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरून. संध्याकाळी ग्रामगीता वाचन, मंग गावातल्या लोकांसमोर गाणे. आमच्या इथं एक ठरलेलं आहे, पहिल्या दिवशीचा स्वयंपाक पोट्ट्यांचा. दरवर्षी भात करपते अन् दरवर्षी तो सगळ्यांनी खावाच लागते. मॅडम पण खातात.
पावसाळ्याचं पण सांगतो. नाल्यावर पाणी असलं की पहिल्याच तासाले सर विचारतात, पलीकडच्या कोण कोण? हात वर होतात अन् कोणाकडं कोण झोपणार ते तिथंच ठरते. फर्स्ट इयरच्या पोरीले पहिल्या पावसाच्या आधीच एक घर ठरवून देतात. मी ज्या काकूंकडं झोपत होती, त्यांच्या घरी लग्नाले पण गेली मागच्या महिन्यात.

चिमी: मी पण आहे ग्रुपवर. सगळे माझ्याबद्दल बोलून रायले अन् मले कोणी विचारत नाही.

मोठेबाबा: बोल बाई.

चिमी: मले भुलाबाई नाही पाहिजे अन् नाटक पण नाही. मले पोलीस भरती द्याची आहे. बीए बाजूनं होईन. ताई, भूगोल आहे का तिथं? अन् शिकवाले सर आहेत का, का नुसतं फलकावर नाव?

वडसावाली ताई: भूगोल आहे. सर तासिका तत्त्वावर. म्हणजे कधी सप्टेंबरात येतात अन् मार्चात संपतात, दरवर्षी तेच येतील असं नाही. इतिहास अन् मराठीचे पक्के आहेत. खोटं कायले सांगू, भूगोल तुले गाईडवरच करावा लागन.
पण भरतीचं म्हणशील तं त्या मैदानासारखं मैदान नाही. पहाटे पाचले तीस-चाळीस पोरी पळत असतात. पोट्ट्यायले १६०० मीटर, पोरींना ८००, मंग १०० मीटर अन् गोळाफेक. घड्याळ लावाले मागच्या वर्षी लागलेल्या पोरी सुट्टीवर आल्या की येतात. हे कोणी सरांनी सुरू नाही केलं. भरती झालेली पोरगी पहिल्या सुट्टीत मैदानावर येते अन् एक गोळा विकत आणून देते, अशी पद्धतच पडली. आता गोळे ठेवाले जागा नाही.

नागपूरवाले काका: नागपुरात अकॅडमी आहेत भरतीच्या.

चिमी: त्यांची फी किती, काका? वर खोली, वर मेस. अन् मे महिन्यात तेंदूपत्त्याले मी इथं पाहिजे ना. ७० पानांचा पुडा बांधाले आईले एकटीले नाही होत. मागच्या वर्षीची माझी फी फळीवरूनच, म्हणजे पत्ता विकत घेतात तिथूनच, आली.

नागपूरवाले काका: ते मी पाहतो म्हटलं ना.

चिमी: तुम्ही पाहाल, पण आईले कोण मदत करन?

चिमीची आई: माझं नको पाहू तू.

आत्या: पाहू दे तिले. तिथं जाऊन पाहिल्याशिवाय ठरवू नका. पोरी खरंच पळतात का, अन् कोणत्या गाडीनं येतात, ते डोळ्यांनी पाहा.

चिमी: सोमवारी ताईसोबत जाऊन येतो. आदल्या रात्री काकूंकडं झोपू, पहाटे मैदान पाहू, मंग ऑफिसात भूगोलाचं विचारू. तोवर नागपूरचा फॉर्म पण भरून ठेवतो.

पुण्याचा दादा: हे शहाणपणाचं.

मोठेबाबा: ऑफिसात सांग, अमक्याची पुतणी आहे म्हणून.

वडसावाली ताई: मोठेबाबा, तुमच्या वेळचं आता कोणीच नाही तिथं. चिमी, टीसी अन् मार्कशीटच्या तीन-तीन झेरॉक्स घे, जातीचा दाखला घे. महाडीबीटीच्या स्कॉलरशिपसाठी आधार बँकेले जोडलेलं आहे का पाहून घे. काकू, उत्पन्नाचा दाखला या वर्षीचाच लागते, तो उद्याच सेतूत टाका, रोवणा लागला की तुम्हाले वेळ भेटत नाही.

चिमीची आई: उद्या जातो. एसटीच्या पासले काय लागते?

वडसावाली ताई: कॉलेजचा शिक्का अन् दोन फोटो. एक तृतीयांशच पैसे लागतात. चारची गाडी आता साडेचारची झाली, ते पण सांगून ठेवतो.