मांडीवर वाढणारे बाळ आणि हातातला खुळखुळा

प्रश्न (शिवाजी पेठ, कोल्हापूर)
माझी मुलगी साडेपाच महिन्यांची आहे. जमिनीवर बसवली की ती कलंडते, म्हणून दिवसभर ती सासूबाईंच्या मांडीवर नाहीतर झोळीत असते. मात्र उताणी असताना खुळखुळा दिला तर तो तोंडाकडे जातो आणि लगेच हातातून सुटतो. मांडीवर बसवली की तोच खुळखुळा ती या हातातून त्या हातात घेते, उलटा करून निरखते. सतत मांडीवर ठेवल्याने तिचे स्वतः बसणे, आणि पर्यायाने हे हाताळणे, लांबणीवर पडेल का?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, राजारामपुरी)
आपण अचूक पाहिले आहे. उताण्या बाळाला हात वर तोलून धरावे लागतात आणि पालथ्या बाळाचा एक हात अंग पेलण्यात गुंततो. बसल्यावर मात्र दोन्ही हात मोकळे होतात. सोस्का, अ‍ॅडॉल्फ आणि जॉन्सन यांच्या २०१० च्या अभ्यासात, स्वतः बसणारी आणि वस्तू फिरवून पाहणारी बाळे वस्तूची न दिसणारी बाजूही जाणण्यात पुढे असल्याचे आढळले.

संगोपनाचा भागही मोठा आहे. कॅरासिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सहा देशांतील पाच महिन्यांच्या बाळांचे घरगुती निरीक्षण प्रसिद्ध केले. केनिया आणि कॅमेरूनमध्ये माता बाळांना जमिनीवर किंवा मोठ्यांच्या आसनांवर बसवत होत्या, आणि त्यांतली काही बाळे वीस मिनिटांहून अधिक काळ आधाराविना बसली. इटली, अमेरिका, अर्जेंटिना आणि दक्षिण कोरियात ती बहुतांशी कडेवर किंवा आधाराच्या खुर्चीत होती. तरीही घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेनुसार निरोगी बाळे साधारण ३.८ ते ९.२ महिन्यांत आधाराविना बसू लागतात. मांडी सोडू नका, पण रोज थोडा वेळ जमिनीलाही द्या.

उत्तर (कागल)
मी दोन नातवंडे वाढवली आहेत. आम्ही जमिनीवर पाय पसरून बसत असू, दोन्ही पायांच्या मध्ये गोधडीवर बाळाला बसवत असू आणि समोर पितळी वाटी व लाकडी पळी ठेवत असू. बाळ कलंडले तरी मांडीलाच टेकते, आणि हात मात्र त्याचे त्याला मोकळे राहतात. उशांच्या गराड्यात एकटे सोडून स्वयंपाकघरात जाणे मला कधीच पटले नाही.

प्रश्नकर्ती
आज सासूबाईंनीच गोधडी अंथरली. मुलगी पुढे झुकून एका हातावर टेकली आणि दुसऱ्या हाताने तिने वाटी ओढून घेतली. दोन्ही हात अजून मोकळे झालेले नाहीत, पण वाटी तिने बराच वेळ सोडली नाही.