खुर्चीच्या आधी लॅपटॉप उचला

लॅपटॉपवर काम करून मान दुखायला लागली की बरेच जण महागडी खुर्ची सुचवतात, पण माझ्या मते आधी लॅपटॉप उचलून उंचावर ठेवा. त्याचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे हात सुखात ठेवले की मान खाली जातेच. मी चार जाडजूड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवला, कीबोर्ड-माऊस वेगळे घेतले. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली आणि महिन्याभरात मानेची रग ओसरली.

मात्र बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच भिंगात वर लांबचा, खाली जवळचा नंबर) असेल तर स्क्रीन थोडा खालीच हवा. नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून वाचताना हनुवटी वर जाते, मान मागे वाकते. माझ्या आईचं नेमकं हेच होत होतं.

पाय लोंबकळत असतील तर खाली पाट सरकवा. आणि दर अर्ध्या तासाने उठाच, पाणी प्यायला का होईना.