विषय: लग्नासाठी ४०० डच गुलाब, जळगावकरांनो मदत करा

बठ्ठासले राम राम,

आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) आठवड्याभरात पुतणीचं लग्न आहे जळगावला, आणि मी इथून न्यू जर्सीहून येतेय म्हणून फुलांचं सगळं माझ्यावर सोपवलंय. स्टेज आणि टेबलं मिळून ४०० तरी लाल गुलाब लागतील. इथे आम्ही कॉस्टकोतून बॉक्स आणतो, कोलंबिया नाहीतर इक्वाडोरची फुलं असतात, पाण्यात ठेवली की आठवडाभर बघायला नको. पण मे महिन्यातलं जळगाव! भाऊ म्हणतो सावद्याला मित्राचं केळीचं कोल्ड स्टोरेज आहे, दोन दिवस तिथे ठेवू. चालेल ना?

---

उत्तर: विषय: लग्नासाठी ४०० डच गुलाब

ताई, आधी भावाला फोन लावा आणि सांगा की केळीच्या खोलीत गुलाब ठेवायचे नाहीत म्हणजे नाहीत. मी जळगावला परत आल्यापासून डेकोरेशनचंच काम करते आणि दर सीझनला कोणीतरी हेच सुचवतं, कारण आपल्याकडे थंड खोली म्हटलं की केळीचीच आठवते. केळी पिकवायला तिथे इथिलीन सोडतात, शिवाय पिकणारी केळी स्वतःही तो वायू सोडते, आणि त्याने गुलाब वेळेआधी उमलून पाकळ्या टाकतो, काही जातींची तर कळी न उघडताच सुकते. दुसरं, केळी १३-१४ डिग्रीच्या खाली नेली की साल काळी पडते म्हणून ती खोली तेवढीच थंड ठेवतात, गुलाबाला २ ते ४ डिग्री लागतं. डेअरीवाल्याची किंवा मोठ्या हॉटेलची कोल्ड रूम विचारा, फक्त त्यात आंबे-केळी नकोत. तेही नाही जमलं तर एसीची अंधारी खोली, पण कूलरचा झोत फुलांवर अजिबात नको.

माल पुण्याच्या मार्केट यार्डातून मागवा. तळेगाव-मावळकडच्या पॉलीहाऊसचा डच गुलाब २० नगांच्या गड्डीत येतो, म्हणजे २० गड्ड्या, पण तुम्ही २३ सांगा, प्रवासात थोडी जातातच. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी जळगावला पोचतो. डिकीत इंजिनाजवळ बॉक्स ठेवू देऊ नका एवढं मात्र बजावून सांगा.

गड्डी हातात आली की फूल बघू नका, फुलाची बूड बघा. देठाच्या वरचा भाग दोन बोटांत हलकेच दाबायचा, टणक लागला तर ताजं, स्पंजासारखा मऊ लागला तर चार दिवस पडून राहिलेला माल आहे, वरून कितीही छान दिसू दे. अगदी घट्ट मिटलेली हिरवट कळी पण घेऊ नका, ती उमलतच नाही. बाहेरच्या पाकळीच्या कडा हिरवट-काळसर असतात त्याला घाबरू नका, ती राखणीची पाकळी, लग्नाच्या सकाळी काढून टाकायची. पण पाकळीवर तपकिरी ठिपके दिसले की ती गड्डी परत, ती बुरशी आहे आणि दमट बॉक्समध्ये बाकीच्यांना पण लागते.

मग बादल्या. साबणाने घासून ब्लीचने धुतलेल्या पाहिजेत, सगळा खेळ तिथेच आहे, कारण घाण पाण्यातले जंतू देठाची नळी बुजवतात आणि फूल पाण्यात उभं असून तहानेनं मरतं. पाण्याखाली येणारी पानं काढा, देठ धारदार सुरीने तिरपा इंचभर कापा आणि लगेच कोमट पाण्यात. बोरचं खारट पाणी नको, जारचं घ्या. फ्लॉवर फूडची पुडी नसेल तर लिटरला एक टेबलचमचा साखर, दोन टेबलचमचे लिंबाचा रस, पाव टीस्पून ब्लीच. लिंबू आणि ब्लीच थेट एकमेकांत ओतू नका, क्लोरीन सुटतो, दोन्ही वेगवेगळं पाण्यात मिसळा. नुसती साखर टाकलीत तर जंतूंचीच चंगळ.

---

उत्तर: विषय: लग्नासाठी ४०० डच गुलाब

वहिनी, मी धुळ्याचा, सध्या दुबईत. आमच्याकडे साखरपुड्याला निम्म्या फुलांनी दुपारीच माना टाकल्या होत्या, ती फेकूनच द्यायची का?

---

उत्तर: विषय: लग्नासाठी ४०० डच गुलाब

नाही हो भाऊ. देठात हवा अडकली की मान पडते. पाण्याखाली धरून देठ परत कापा, फुलं सरळ उभी राहतील अशी पेपरात घट्ट गुंडाळा आणि मानेपर्यंत खोल कोमट पाण्यात दोन-तीन तास ठेवा, बरीचशी उभी राहतात. बूड मऊ झालेली मात्र नाही उठत, ती पाकळ्या करून पायघड्यांना वापरा.

ताई, माल आदल्या दिवशी सकाळी उतरवा, त्याआधी नको, आणि स्टेजवर लावायला पहाटे घ्या. देठ ५० सेंटीमीटरचा सांगा, स्टेजला तेवढा लागतो, टेबलांसाठी ४० चा पुरतो आणि स्वस्त पण पडतो.