बारोलोच्या टेकड्यांवर वाइन आणि जेवण यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न:
नमस्कार. येत्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी पत्नी इटलीतील पिमोन्ते प्रांतात, आल्बा येथे मुक्काम करणार असून तेथून बारोलो, ला मोर्रा आणि बार्बारेस्को परिसरातील वाइनरी पाहण्याचा विचार आहे. वाइन आम्हाला आवडते, परंतु तिची पारख फारशी नाही. पूर्वी बारोलो ही तेथील लाल वाइन चाखली तेव्हा ती इतकी तुरट लागली की तिचे एवढे कौतुक का होते, हे उमगले नाही. पत्नी अंडी खाते, मांस-मासे मात्र खात नाही. चाखण्याचा क्रम कसा ठेवावा आणि तिच्या जेवणाची अडचण होईल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
तुरटपणाचे उत्तर पुष्कळसे ताटातच सापडते. बारोलो ज्या नेब्बिओलो द्राक्षापासून होते त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. ते लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि तोंड कोरडे पडते. मात्र सोबत चीजचा किंवा मांसाचा घास असला, की टॅनिनचा बराच जोर त्यावर खर्च होतो आणि मग वाळलेल्या गुलाबाचा, चेरीचा, किंचित डांबराचा असा तो प्रसिद्ध गंध नीट जाणवू लागतो. म्हणून बारोलो नुसती चाखून तिच्याविषयी मत बनवू नये, असे मला मनापासून वाटते.

नियमानुसार ती किमान 38 महिने मुरवावी लागते आणि त्यांपैकी 18 महिने लाकडी पिंपात जातात. तरीही बाजारात येताना ती बहुधा कोवळीच असते. त्यामुळे जुन्या वर्षाची बाटली चाखायला मिळेल का, हे वाइनरीत अवश्य विचारा. ला मोर्राकडील वाइन तुलनेने मऊ आणि सेर्रालुंगा या बारोलो परिसरातीलच गावाकडील अधिक करारी मानली जाते. या दोन्ही एकापाठोपाठ चाखल्या, तर मातीचा फरक पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

क्रम हलक्याकडून भारीकडे ठेवावा. आधी दोल्चेत्तो ही तिथलीच लाल वाइन, मग आंबटसर पण टॅनिन कमी असलेली लाल बार्बेरा आणि शेवटी नेब्बिओलो. या पहिल्या दोन वाइनना दुय्यम समजू नका, कारण तेथील लोकांच्या रोजच्या जेवणात त्यांनाच मान आहे. गोडासाठी हेझलनटचा केक आणि जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली मोस्कातो द'आस्ती ही गोड वाइन, ही जोडी चुकवू नये.

प्रतिसाद २:
वहिनींची उपासमार मुळीच होणार नाही, पण काही पदार्थांबाबत जपावे लागेल. तायारिन नावाचा केसासारखा बारीक पास्ता भरपूर पिवळे बलक घालून मळलेला असतो. त्यावर अनेकदा मांसाचा रस्सा घालतात, म्हणून लोणी आणि सेज ही सुगंधी पाने घातलेला मागावा. पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या सुगंधी बुरशीचा, हंगाम तेव्हा सुरू असतो. ते न शिजवता टेबलाशीच ताटावर अगदी पातळ किसतात आणि पैसे बहुधा वजनावर घेतात, म्हणून भाव आधी विचारून घ्यावा.

खरी फसगत बान्या काउदामध्ये होते. भाज्या बुडवून खाण्याचे ते गरम, लसूणदार तेल शाकाहारी भासते, परंतु त्यात अँकोव्ही मासे पूर्ण विरघळलेले असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. प्लिन या चिमटीने बंद केलेल्या पास्त्यातही बहुतेक वेळा मांसाचे सारण असते. शिवाय तेथील अनेक पारंपरिक चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे वासरांच्या जठरातून काढलेले दूध साकळवणारे द्रव्य, वापरतात. ते चालत नसेल, तर तसे आधीच सांगावे.

प्रतिसाद ३:
ऑक्टोबर म्हणजे नेब्बिओलोच्या तोडणीचे दिवस, त्यामुळे आगाऊ वेळ ठरवल्याशिवाय लहान वाइनरीत जाऊ नये. सकाळी एक, दुपारी निवांत जेवण आणि संध्याकाळी एक, यापेक्षा अधिक ठेवल्यास जीभ थकते. थुंकण्यासाठी ठेवलेले भांडे वापरण्यात तेथे कोणालाही वावगे वाटत नाही. इटलीत वाहनचालकाच्या रक्तातील अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे आणि टेकड्यांवरचे रस्ते वळणावळणाचे आहेत. तेव्हा दोघांनाही चाखायचे असेल, त्या दिवशी चालक असलेली गाडी ठरवावी.